एका हातचा कुत्रा

लोकांच्या सुना सासू दुसऱ्या सुनेच्या गळ्यात पडावी म्हणून देवाला नारळ बोलतात. मी आमची सासू माझ्याकडंच राहावी म्हणून कुत्रा पाळला. हसायचं तर हसा. आमच्या काल्हेर गावात तेव्हा सगळे हसलेच.

आधी सासूचं सांगते. तिला आख्खं गाव आक्का म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. मी पडघ्याकडची. माझी आई मी परकर नेसत होते तेव्हाच गेली, त्यामुळं लग्न होऊन आले ती कोरी पाटीच. तांदळाची भाकर थापायला घेतली की परातीतच फाटायची. पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसून रडायला लागले, तर आक्कानं तव्यावरच्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा अलगद सोडवला, त्यात भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा गुंडाळला आणि माझ्या तोंडात भरवला. म्हणाली, "खा गो पोरी. भाकर काय, कवाबी शिकशील. आदी पोट भर."

तेव्हापासून पहिल्या भाकरीचा पापुद्रा माझा. माझा नवरा केसरीनाथ आणि धाकटा दीर काळूराम, दोघं तिचेच मुलगे, पण त्यांनी कधी त्या पापुद्र्याकडं हात केला नाही. मला मुलगा झाला, तो मोठा होऊन ठाण्याला कॉलेजात गेला, तरी पापुद्रा माझाच. बाई म्हातारी व्हायला लागली तरी तिला माहेर लागतं. माझं माहेर पडघ्याला नव्हतं, ते आमच्याच चुलीपुढं होतं.

मग काळूरामचं लग्न झालं आणि चंद्रा आली. भिवंडी शहरातली, बारावी पास, भावाचं सुताचं दुकान. लूमवाल्यांच्या शेजारात वाढलेली, त्यामुळं हिंदी अशी फाडफाड बोलायची की आक्का तोंडाकडं बघत राहायची. ती आक्काला पेपर वाचून दाखवायची. दुपारच्या एसटीनं भिवंडीला सिनेमाला न्यायची. तिच्या केसांना तेल लावताना असल्या काही नकला करायची की आक्का पोट धरून हसायची. मी इतकी वर्षं त्या घरात राबले, भातलावणीला गुडघाभर चिखलात उभी राहिले, पण आक्काला असं हसवायला मला कधी जमलं नाही. हसवणं हे काम आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एके दिवशी आक्कानं पापुद्रा सोडवला, मधोमध फाडला, आणि अर्धा चंद्राला दिला. चंद्रानं तो खाल्ला पण, हसत हसत. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही. अर्ध्या पापुद्र्यासाठी कुणी एवढं मनाला लावून घेतं का? मी घेतलं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तोवर आमची रस्त्याकडची शेतं गोदामांना गेली होती. दोघा भावांनी जुन्या घराच्या पुढं शेजारी शेजारी दोन बंगले बांधायला काढले होते, मध्ये छातीएवढी भिंत. चंपाषष्ठी झाली की राहायला जायचं ठरलं होतं. सगळं ठरलं होतं, फक्त आक्का कुठल्या बंगल्यात राहणार ते ठरलं नव्हतं. कुणी विचारलं की ती तोंडात मिश्रीचं बोट घालायची.

त्यात गावात चोऱ्या सुरू झाल्या. रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक, कोण कुठला काही कळेना. शेजारच्यांची पाण्याची मोटर गेली, कुणाच्या परसातली तांब्याची भांडी गेली. तेव्हा कुत्रा पाळायचा विषय निघाला.

"अल्सेशियन आनू," आमचे हे म्हणाले. "नुस्ता दारात उबा राह्यला तरी चोर परत फिरंल."

काळूराम म्हणाला, "दादा, त्याला रोज मटण कोण घालणार? पामेरियन बरा. एवढुसा असतो, पण कान तिखट. पाल सरकली तरी भुंकतो."

"चोर पकरायचंत का पाली?" मी विचारलं.

काळूरामच्या तोंडून चंद्राच बोलत होती हे मला कळत होतं. मग ती स्वतःच बोलली. "ताई, अल्सेशियन कुणाला घरात पाय ठेवू देत नाही. माझ्या माहेरी शेजाऱ्यांकडं होता ना, पाहुणे यायचेच बंद झाले. पामेरियन कसा, मांडीवर बसतो, सगळ्यांत मिसळतो. घरातला कुत्रा घरात शोभला पाहिजे."

"शोभेला आपुन फुलदानी आनू," मी म्हटलं.

आक्का इतका वेळ ऐकत होती. आता मिश्रीचं बोट काढून चूळ भरली आणि म्हणाली, "दोगंबी आना. आनि आता मी सांगतंय त्ये ऐका. मना कुटं राहायचं त्ये इचारू नुका. दोन पोरांतला येक मी निवरला तं दुसऱ्याचं तोंड उतरंल. देवाला निवरू द्या. चंपाषष्ठीला कुतऱ्याचं पान मीच वारतंय. ज्याचा कुतरा माज्या हातचं आदी खाईल, त्याचे घरी देव. आनि देव तिकरं मी."

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण आमच्यात खंडोबा कुलदैवत. खंडोबासोबत कुत्रा असतो, म्हणून चंपाषष्ठीच्या नैवेद्यातलं पहिलं पान कुत्र्याला, आणि ते वाढायचं घरातल्या थोरल्या बाईनं. एरवी गावातला कुठलाही कुत्रा यायचा, खायचा आणि जायचा. त्या वर्षी त्या पानावर माझं माहेर टांगलेलं होतं.

वडप्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं अल्सेशियन कुत्रीला पिल्लं झालेली होती. मी स्वतः ह्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले आणि त्यातलं सगळ्यांत अंगापिंडानं भरलेलं पिल्लू उचललं. त्या माणसानं मला निघताना सांगितलं, "भाभी, इसको एक ही हाथ से खिलाना. दस लोगों के हाथ का खायेगा तो किसी का नहीं रहेगा."

हे मला फार पटलं. जगात असं एक तरी जनावर असावं जे दहा जणांचं होत नाही.

नाव ठेवतानाच मी डाव टाकला. वाघ्या. खंडोबाच्या भक्ताचं नाव. आक्कानं ऐकलं आणि गालात हसली, म्हणजे डाव तिला कळला. चंद्राच्या भावानं ठाण्याहून पामेरियन आणला, पांढराशुभ्र, कापूस पिंजून ठेवल्यासारखा. त्याचं नाव तिनं ठेवलं जॉली. देवाच्या पानाला बसायचं आणि नाव जॉली.

दोन्ही कुत्री जुन्या घरात एकत्रच वाढली. जॉलीला शाम्पू, जॉलीला कंगवा, जॉलीच्या गळ्यात रिबीन. आमच्या उकाड्यात त्याला केसांमुळं धाप लागायची, तर चंद्रा त्याला टेबलफॅनपुढं बसवायची. घरातली माणसं घामानं निथळतायत आणि कुत्रा वारा खातोय. आणि खायचा तरी कुणाच्या हातचं? सगळ्यांच्या. गोदामातला हमाल ग्लुकोजचं बिस्कीट दाखवायचा, हा शेपूट हलवत गेला. ट्रकवाल्यानं चपाती फेकली, हा धावला. मासळीवाली धोंडूबाई आली की तिच्या पाटीत तोंड. मी म्हणायचे, "चंद्रा, तुजा कुतरा हाय का गावाचा?" ती म्हणायची, "ताई, लाडका आहे सगळ्यांचा." तिचं सगळं असंच. सगळ्यांचं लाडकं.

माझा वाघ्या तसा नव्हता. मी त्याला भात आणि मासळीच्या मुंडकी-शेपट्यांचं कालवण स्वतः कालवून घालायचे, माझ्या हातानं, माझ्यासमोर. मुलगा सुट्टीत आला आणि वाघ्यापुढं भाकरीचा तुकडा टाकला, तर मी तो उचलून घेतला. हे एकदा लाडात येऊन त्याला मटणाचं हाड द्यायला गेले, त्यांच्याही हातातून काढून घेतलं. "अगो, मी तुजा नवरा हाय," हे म्हणाले. मी म्हटलं, "म्हनूनच सांगून ठेवतंय."

आता तुम्ही म्हणाल, परीक्षा तर आक्काच्या हातची होती. मग आक्काच्या हातून का नाही भरवलंस? माझ्या मनात आलं नाही असं नाही. दोनतीनदा मी वाघ्याला घेऊन तिच्याकडं गेलेही. पण प्रत्येक वेळी जॉली तिच्या मांडीवर बसलेला असायचा आणि चंद्रा शेजारी. आक्काच्या बोटांना जॉलीचे पांढरे केस चिकटलेले दिसायचे. त्याच हातानं माझ्या वाघ्याला? मी तशीच माघारी फिरायचे. आणि मला वाटलं, भुकेला कुत्रा आहे. रोडगा समोर आल्यावर हात कुणाचा ते कशाला बघेल?

चंपाषष्ठी आली. मी आदल्या दुपारपासून वाघ्याच्या तोंडात काही घातलं नाही. सकाळी तो माझ्यामागं कुंईकुंई करत फिरत होता, पोट खपाटीला गेलेलं. माझाही उपास होता. मी त्याला म्हटलं, थोडा दम धर, दोघंही सोबत सोडू.

एरवी आमच्याकडं तांदळाचीच भाकर, पण त्या दिवशी बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. देवापुढं तळी उचलली, यळकोट झाला, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागला. ओटीवर भाऊबंद जमलेले. कुत्र्यांची गोष्ट सगळ्या आळीला कळली होती, त्यामुळं एरवी न येणारेही आले होते.

आक्कानं अंगणात केळीची दोन पानं मांडली. मी वाघ्याला साखळी सोडून एका पानापुढं बसवलं. चंद्रा जॉलीला छातीशी धरून उभी राहिली. आक्कानं दोन्ही हातांत रोडग्याचा एकेक तुकडा भरितात बुडवून घेतला, खाली वाकली, आणि दोघांपुढं धरला.

वाघ्या पुढं झाला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, ती मला दिसत होती. त्यानं आक्काच्या हाताचा वास घेतला. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, डोळ्यांनी सांगितलं, खा. तो एक पाऊल मागं सरला. आक्कानं हात आणखी पुढं केला, "घे रे वाघ्या, घे," म्हणाली, तर तो तिच्यावर गुरगुरला. भुकेनं थरथरत होता आणि गुरगुरत होता.

जॉलीनं चंद्राच्या हातातून उडी मारली, आक्काच्या डाव्या हातातला तुकडा खाल्ला, उजव्या हातातला खाल्ला, मग स्वतःचं पान साफ केलं आणि शेवटी माझ्या वाघ्याचं पानही चाटून पुसून ठेवलं. भाऊबंद हसले. कुणीतरी टाळी वाजवली.

मी परातीतला रोडगा तोडून वाघ्यापुढं धरला. त्यानं तो असा खाल्ला की माझी बोटंसुद्धा चाटून काढली. पण त्याचा आता काय उपयोग होता?

आक्का कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "सीते, कुतरा चांगला हाय गो. पन त्यो तुजाच हाय."

राहायला जायच्या दिवशी आक्कानं देवाचे चांदीचे टाक पदरात बांधले आणि चंद्राच्या बंगल्याकडं निघाली. माझ्या दाराशी जरा थांबली. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत असावं. मी भांडी लावत होते, लावत राहिले. जॉली तिच्या पायात पायात घुटमळत पुढं गेला.

मग सुरू झाले ते दिवस शत्रूवर येऊ नयेत. मधली भिंत छातीएवढी, पण आवाजाला भिंत कुठली? तिकडं टीव्ही लागायचा, चंद्रा आक्काला हिंदीतलं मराठीत सांगायची आणि दोघी हसायच्या. तव्यावर भाकर पडली की वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी कान देऊन ऐकायचे. आता पापुद्रा सुटला असेल, आता तो चंद्राला दिला असेल, आख्खा. माझ्या हातची भाकर आता सुरेख फुगायची. मी तिचा पापुद्रा काढायचेच नाही, तशीच मोडायचे.

एकदा खिडकीतून दिसलं, आक्काच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. मी ह्यांना म्हटलं, "बगा, लारकी सून सासूला विळीवर बसवते. म्हातारीचं बोट कापलं." हे म्हणाले, "जाऊन इचार कं मंग." मी गेले नाही.

आणि वाघ्या? वाघ्या मोठा झाला, चांगला कमरेएवढा. चोर सोडा, चोराची सावली आमच्या गेटाशी फिरकली नाही. पण पाहुणाही फिरकला नाही. धोंडूबाई मासळी गेटावरूनच हातात द्यायची. ह्यांना स्वतःच्या घरात शिरायला मला हाक मारावी लागायची, मी येऊन साखळी धरली की मग आत. चंद्राचं म्हणणं खरं झालं होतं, आणि ते खरं झालं याचाच मला जास्त राग होता.

आक्का सुरुवातीलाच एकदा आली. गेटाबाहेर उभी राहिली, वाघ्या मागच्या पायांवर उभा राहून भुंकायला लागला. "सीते," तिनं हाक मारली, "कुतऱ्याला बांद गो." मी खिडकीच्या जाळीआड उभी होते. मी बांधलं नाही. का बांधू? देव जिथं नेला तिथं सुखानं राहावं. ती आणखी एकदा आली, आणखी एकदा हाक मारली आणि परत गेली. मग तिनं यायचं सोडलं.

हे जेवताना म्हणाले, "आई दारातून परत गेली."

"मंग तुमी बांदायचा व्हता."

"मना हात लावू देतो का त्यो?"

मी त्यांना आणखी भात वाढला.

उन्हाळा लागला. एक दिवस दुपारी चंद्रा गेटाबाहेर येऊन उभी राहिली. मी वाघ्याची साखळी धरून बाहेर आले. तिचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, आक्का आहेत का आत?"

"का गो?"

"रोज दुपारी जेवण झालं की चुलीवर एक भाकर वेगळी भाजतात, पदराखाली घेतात आणि 'सीतेकरं जातंय' म्हणून जातात. तासभर येत नाहीत. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणतात." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "माझ्याकडं काय कमी आहे ताई? मी सगळं करते त्यांचं. तरी दुपार झाली की तुमच्याकडं."

आक्का माझ्या गेटाशी फिरकून महिने झाले होते. हे मी चंद्राला सांगायला हवं होतं. पण तिचा तो आंबट चेहरा बघून माझ्या जिवाला जो काही गारवा मिळाला, तो काय सांगू. त्या पापुद्र्यानंतर पहिल्यांदा.

"आयेच ती," मी म्हटलं. "लेकीकरं येनारच."

चंद्रा खालमानेनं गेली. मी गेट लावलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडं नाही, चंद्राकडं नाही, तर मग ही दुपारच्या उन्हात जाते कुठं? कुणासाठी भाकर भाजते? म्हणजे आम्हा दोघींखेरीज आणखी कुणी तिसरी आहे. शेजारच्या दाजींच्या घरातली नवी सून असेल, नाहीतर धोंडूबाईची पोर. अंगाचा जाळ झाला. एका चंद्राला तोंड देता देता मी निम्मी झाले होते, त्यात आता ही कोण?

आणखी एक गोष्ट होती. वाघ्या हल्ली दुपारचं जेवत नव्हता. दुपारी मी त्याला परसात मोकळा सोडायचे. घातलेला भात संध्याकाळपर्यंत तसाच. मला वाटलं होतं, उन्हाचं असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि मी मागच्या दाराशी दबा धरून बसले. पलीकडं चंद्राचं दार वाजलं. चपलांचा आवाज आला. तो रस्त्याकडं गेला नाही, मागं गेला, जिथं आमचं जुनं घर पाडल्यावर फक्त विहीर आणि पाणी तापवायची चूल उरली होती. मधली भिंत तिथं संपते. मी पदर खोचला आणि भिंतीच्या कडेकडेनं गेले.

आक्का चुलीजवळच्या दगडावर बसली होती. तिच्या पायावर हनुवटी ठेवून माझा वाघ्या पडला होता. माझा, एका हातचा वाघ्या. आक्कानं पदराखालून भाकर काढली, तिचा पापुद्रा अलगद सोडवला, त्यात भाजलेल्या बोंबलाचा तुकडा गुंडाळला आणि त्याच्या तोंडात भरवला.

"खा रे पोरा," ती म्हणाली. "आदी पोट भर."

चंद्राला अर्धा दिला होता तेव्हा जे झालं होतं, ते याच्यापुढं काहीच नव्हतं. माझा पापुद्रा, माझा बोंबील, माझे शब्द. आणि ते एका कुत्र्याला. मी पाळलेल्या कुत्र्याला. शेपूट हलवत खात होता, गुरगुरण्याचं नाव नाही. कुणावर चिडावं तेच कळेना. कुत्र्यानं माझी सासू पळवली होती का सासूनं माझा कुत्रा?

"आक्का," मी म्हटलं, "ह्ये काय चाललंय?"

ती दचकलीसुद्धा नाही. "काय चाललंय? तुज्या कुतऱ्याला पटवतंय."

"कशाला?"

"आता कशाला म्हनून इचार. तुजे दारात ह्यो उबा. तू बांदत न्हायस. मंग तुजे घरात मी येनार कशी?" तिनं वाघ्याच्या कानामागं खाजवलं. "पयलं लांबून तुकरं टाकलं. मंग जवल आला. हातातनं घ्यायला लागला तवा येकदा बोटच धरलं मेल्यानं." तिनं बोट दाखवलं. जखम भरली होती, पण दाताचा वण राहिला होता. "चंद्राला सांगितलं, विळी लागली. खरं सांगितलं असतं तं तिनं येऊच दिलं नसतं. आता परसात घेतो बरा. पन दाराकरं गेलं का अजून आरवा होतो. तुजंच वलन हाय त्याला. कुनाला आत सोरत न्हाय."

तरी राग गेला नव्हता. राग असा कुठं पटकन जातो? मी विचारलं, "मंग जॉली हाय ना तिकरं. देव हाय. चंद्रा हाय."

"हायेत ना. समदी बरी हायेत. त्यो जॉली कुनाच्याबी मांडीवर बसतो. चंद्रा धा जनांत रमते. माजे बिगर कुनाचं अरतंय तिकरं?" ती भाकरीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाली. "अरून बसलीस ती तू. रोज त्या जालीच्या आर उबी ऱ्हातेस, मना दिसत न्हाय का?"

ऊन चांगलंच तापलं होतं. विहिरीच्या काठावर चिमण्या पाणी पीत होत्या. आक्कानं पदराखालून आणखी एक भाकर काढली, त्या दिवशी तिनं दोन भाजल्या होत्या, आणि तिचा पापुद्रा सोडवायला लागली. वाघ्यानं मान वर केली, जीभ बाहेर काढली आणि तोंड तिच्या हाताशी नेलं.

मी पुढं झाले. दगडाशेजारी जमिनीवर बसकण मारली, वाघ्याला खांद्यानं बाजूला सारलं.

"आदी मना," मी म्हटलं.

आक्काचा हात मध्येच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, आणि मग ती हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चंद्रानं भिंतीपलीकडून ऐकलं असेल तर ऐकू दे.

तेवढ्यात वाघ्या गुरगुरला. माझ्या हातचं खाऊन वाढलेला, आणि माझ्यावरच.

"गुरगुर लेका," मी म्हटलं आणि तोंड उघडलं.